गिअरबॉक्स नव्हे, कॉइल!

कात्रजच्या चढावर माझी जुनी ऑटोमॅटिक स्पोर्ट्‌स कार आचके द्यायला लागली. गॅरेजवाल्याने हातातला चहाही खाली न ठेवता गिअरबॉक्स उघडायला सांगितला. खर्चाचा आकडा ऐकून मी आधी ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र, लावला. कोड पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नव्हतं. ऑटोमॅटिकमध्ये हा धक्का अगदी गिअरचाच वाटतो, म्हणून फसायला होतं.

दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या) आपसात बदलल्या, कोड पुसला, पुन्हा चढ घेतला. आता पी०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर! दोष कॉइलबरोबर सरकला होता. प्लगही काढून पाहिले, ठीक होते. नवी कॉइल घरीच बसवली. बिल पाच हजारांच्या आत.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नका. न जळलेल्या पेट्रोलमुळे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो, आणि तो स्वस्तात मिळत नाही.