पाहिलंय कोणी, तुम्ही की तुमच्या जादूगाराने?

'खेळाडूला जे माहीत आहे, ते त्याच्या पात्रालाही माहीत धरायचं का?' असं तुम्ही विचारलंत, म्हणून सांगते. आम्ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो: प्रत्येक खेळाडू गोष्टीतलं एक पात्र होतो, आणि मी सूत्रधार म्हणून गोष्ट नि नियम सांभाळते. नाशिकच्या आमच्या गटात नवा खेळाडू आला की हा प्रश्न ठरलेला: 'ताई, माझा जादूगार हवेतून वस्तू काढतो ना? मग बंदुकीची दारू का नाही? शोरा, गंधक, कोळसा, मला सगळं माहितीये!'

तुम्हाला माहितीये, तुमच्या जादूगाराला नाही. खेळाच्या २०१४च्या नियमांत 'क्रिएशन' हा वस्तू काढायचा, पाचव्या लेव्हलचा स्पेल, म्हणजे मंत्र आहे. वस्तू निर्जीव हवी, ५ फुटी घनात मावायला हवी, आणि तसा आकार नि तो पदार्थ जादूगाराने आधी पाहिलेला हवा. ती टिकतेही ठरावीक वेळच. लाकूड, दोरखंड एक दिवस, दगड १२ तास, सोनं-चांदी १ तास, रत्नं जेमतेम १० मिनिटं.

मुदतीवरून कोणी वाद घालत नाही. वाद होतो तो पाहिलेलं असण्यावरून, आणि मला ही अट मनापासून आवडते. अंबडच्या कारखान्यात काम करणारा आमचा एक खेळाडू आहे. डाव रंगात आलेला, किल्ल्याचं लोखंडी दार खाली कोसळलेलं, साथीदार आत अडकलेले. तो म्हणाला, 'मी स्क्रू जॅक काढतो, आट्या फिरवून वजन उचलायचा.' मी विचारलं, 'तुझ्या जादूगाराने तो कुठे पाहिला?' तो गप्प झाला. मग त्याने पात्राची पूर्वकथा चाळली. गुरूच्या मळ्यात द्राक्षं पिळायचा लाकडी दाब होता, मोठ्या आट्यांचा. 'तोच काढतो, लहान आकाराचा, आणि उलटा करून दाराखाली सारतो!' मी लगेच हो म्हटलं. दार करकरत वर गेलं. जॅक मिळाला असता तर त्या गुरूची कोणाला आठवणही झाली नसती.

पाहिलं म्हणजे करता आलं, असंही नाही. भांडी बाजारातून रोज जाणाऱ्याने तांब्याचे हंडे कितीही पाहिले, तरी त्याला हंडा ठोकता येत नाही. चौथ्या लेव्हलच्या 'फॅब्रिकेट'ने कच्च्या मालाची वस्तू होते, पण बारीक कारागिरीच्या कामाला त्या हत्यारांची प्रोफिशिएन्सी, म्हणजे ती वापरायचं कसब, पात्राकडे लागतंच. कुलपाचंही मी तसंच धरते. बाहेरून पाहिलेलं कुलूप 'क्रिएशन'ने काढाल तर आतले खटके चालतीलच असं नाही. नियमात हे लिहिलेलं नाही, हा माझा निवाडा.

ट्रोल, म्हणजे जखमा आपोआप भरणारा राक्षस, त्याच्या बाबतीत मात्र मी ताणत नाही. त्याच्या जखमा भरू नयेत म्हणून आग किंवा ॲसिड लागतं, हे प्रत्येक जुन्या खेळाडूला पाठ असतं. पण हातात मशाल असलेला माणूस ती वापरून बघणारच, त्याला कशाला अडवायचं? अगदीच शंका आली तर इंटेलिजन्सचा फासा टाकायला लावते.

आता नवीन कॅरॅक्टर शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचा कागद, भरताना आकड्यांच्या आधी मी एवढंच विचारते: हा कुठे वाढला, कोणाच्या हाताखाली राबला, आणि तिथे रोज त्याच्या नजरेसमोर काय काय असायचं? ते शीटच्या मागे लिहून घ्या. डावात अडकलात की तिथेच शोधा.