तिला तीनपर्यंत मोजता येतं का?

गाळप हंगामात आमचा फोन सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान वाजतो. ऊस तोडणारे पहाटे पाचला फडात शिरतात, कडेकडेने तोडत आत सरकतात आणि बिबट्याची पिल्लं असलीच तर ती मधल्या दाट पट्ट्यात असतात. कोयते तिथवर पोचायला तेवढा वेळ लागतो. मी वनरक्षक आहे, या नोकरीत आठ वर्षं झाली. नऊ ते अकरा या वेळात चहा पूर्ण पिऊन झाल्याचं मला फारसं आठवत नाही.

जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या या पट्ट्यात बिबट्याला ऊस म्हणजे जंगलच. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. पाणी, सावली, डुकरं, कुत्री, सगळं हाताशी. मादी तिथेच विते आणि बऱ्याचदा तिची आईही तिथेच व्यालेली असते. डोंगर तिने पाहिलेला नसतो. लोक आम्हाला सांगतात, "यांना जंगलात सोडा." कुठल्या?

त्या दिवशी दोन पिल्लं होती. पाचटात एकमेकांना चिकटून पडलेली, डोळे उघडलेले पण अजून निळसर. पंधरा-वीस दिवसांची असावीत. मी पोचले तेव्हा साठ-सत्तर माणसं जमली होती आणि त्यातल्या निम्म्यांचे मोबाइल वर होते. गर्दी हटवणं हे आमचं अर्धं काम, आणि ते कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत. शेतकरी वेगळ्याच काळजीत. तोडलेला ऊस उन्हात पडला की वजन घटतं आणि कारखान्याची गाडी थांबत नाही. तो माझ्यावर खेकसला ते पिल्लांमुळे नव्हे, त्या वजनामुळे. नंतर मात्र त्याने खरा प्रश्न विचारला. "दोन पिल्लं म्हंजी दोन वर्षांनी दोन बिबटे. आन तुम्ही ती आईला परत देणार?"

या प्रश्नाची खिल्ली मी उडवत नाही. २०२५ मध्ये शिरूर तालुक्यात माणसं गेली, लहान पोरं गेली. लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होते. पण पिल्लं उचलून नेली तर ती जन्मभर पिंजऱ्यात राहणार आणि आई त्याच शिवारात बिथरून हिंडणार. आणि बिबटे उचलून दुसरीकडे नेऊन सोडणं आमच्याकडे करून झालंय. २००१ ते २००३ च्या सुमारास जुन्नर भागात शंभराहून जास्त बिबटे पकडले, बरेचसे लांब नेऊन सोडले. माणसांवरचे हल्ले त्याच काळात वाढले. हे मी त्याला सांगितलं. त्याला पटलं असं नाही, पण सहापर्यंत फड मोकळा ठेवायला तो तयार झाला.

आता जरा कामाचं सांगते, कारण हे मला नीट येतं. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातून डॉक्टर आले. हातमोजे घालूनच पिल्लांना हात लावायचा. गोचीड काढायचे, वजन, नर-मादी, अंगात पाणी कमी झालंय का ते चामडी चिमटीत धरून बघायचं, शेपटीच्या बुडाशी मायक्रोचिप. मग संध्याकाळी, जिथे सापडली त्याच जागी, दहा पावलंसुद्धा इकडेतिकडे न करता, पिल्लं ठेवायची. आम्ही टोमॅटोचं क्रेट वापरतो. नारायणगावच्या बाजारामुळे इथे त्यांना तोटा नाही. जाळीतून आवाज आणि वास बाहेर जातो. क्रेट उपडं घालायचं, वर एकच दगड. दगड इतकाच जड की मोकाट कुत्र्याला खटपट पडावी आणि मादीने मात्र एका पंजात उलटवावं. तो दगड निवडायला मला दोन हंगाम लागले. पिल्लाच्या मुताने भिजलेलं फडकं बाजूला टाकायचं. कॅमेरा बांबूला गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधायचा, समोरची पाती कापायची, नाहीतर वाऱ्यावर हलणाऱ्या पात्याचेच चारशे फोटो सकाळी मिळतात. आणि मग माणसांनी निघून जायचं. सगळ्यात अवघड तेच.

सकाळी कार्ड काढलं. आठ चाळीसला मादी आली, एक उचललं. नऊ पंचवीसला दुसरं. उत्तम. पण अकरा पन्नासला ती परत होती. उलटं पडलेलं क्रेट तिने पुन्हा पंजाने फिरवलं, पाचट हुंगलं, बसून राहिली. दोन दहाला आणखी एकदा.

साहेब म्हणाले, "जुनी जागा, येतेच. बंद करा प्रकरण." साहेब माणूस चांगला, पण त्यांची बिबट्याशी ओळख बरीचशी कागदावरची. मी आठ वर्षांत पिल्लं नेल्यानंतर अशी पुन्हा पुन्हा येणारी मादी बघितली नव्हती. एकच अर्थ लागत होता.

तोडणाऱ्यांच्या कोप्या फडापासून दोनशे पावलांवर होत्या. बीडकडची टोळी. मोठी माणसं फडात, कोप्यांत फक्त पोरं आणि एक म्हातारी. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन चुलीपाशी उभी होती. मी पाणी मागितलं. तिने तांब्या पुढे केला तेव्हा मनगटावर चार बारीक रेघा दिसल्या, शेजारी शेजारी, ताज्या. मांजराच्या म्हणाव्यात तर अंतर जास्त.

मी काही बोलले नाही. कोपीला एक फेरी मारली. मागच्या बाजूला, काल भांडी घासलेल्या पाण्याने जमीन ओली होती, तिथे ठसे होते. चार बोटं, नखांचा माग नाही. कुडापासून पाच हातांवर. ती नुसती चालून गेली नव्हती. एका जागी पुढचे दोन्ही पंजे खोल रुतले होते. बसली होती. आत चार लेकरं झोपली होती आणि मध्ये पाचटाचा कुड.

माझे पाय कापले, हे मी अहवालात लिहिलेलं नाही.

आत कोंबड्यांचं डालगं होतं, त्यावर गोधडी. पोरगी दारात आडवी झाली. "मपलंय ते."

आदल्या पहाटे वाढं गोळा करताना तिला ते बांधाच्या कडेला एकटंच सापडलं होतं. मोठ्या माणसांना बाकीची दोन सापडायच्या कितीतरी आधी. शेळीचं दूध काढून, फडक्याचा बोळा करून तिने पाजलं. दर दोन तासांनी. वेळ कशी कळली विचारलं तर म्हणाली, भाऊही तेवढ्यानंच रडतो. डॉक्टरांनी सांगितलं असतं तर त्यांनीही जवळपास हेच सांगितलं असतं. पिल्लू डालग्यात तिच्या जुन्या झग्यावर पोट भरून झोपलं होतं. तिचा आवाज ऐकला तशी मान उचलली. माझ्या आवाजाला फिस्कारलं.

"रात्री ह्याची आई आलती," ती आपणहून म्हणाली. "करवत वढल्यागत आवाज करीत होती. म्या ह्याच्या तोंडावर हात ठिवला."

तो हात तिने काढला असता तर काय झालं असतं, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही. दोन्ही बाजूंनी. आई आत शिरली असती. किंवा पिल्लू ओरडलं नाही म्हणून ती पहाटे निघून गेली, तशी कायमचीच निघून गेली असती.

मी तिला रागवायला हवं होतं. बिबट्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याचं पिल्लू घरात ठेवणं गुन्हा. हे तिला सांगण्यात काय अर्थ? मी एवढंच म्हणाले, "पोरी, ती आज पण येणार. आज आत पण येईल."

ती बराच वेळ गप्प. मग विचारलं, "बाकीची दोन घिऊन गेली ना ती? मंग परत कामून आली? तिला तीनपर्यंत मोजता येतंय का?"

मला उत्तर आलं नाही. वासाने, आवाजाने, सडाला दूध राहिलं म्हणून, असं काहीतरी मी जोडत बसले. तिने ते ऐकून घेतलं, मोठी माणसं थापा मारतात तेव्हा मुलं ऐकून घेतात तसं.

डॉक्टर आले. पिल्लाचं तोंड हुंगलं, पोट चाचपलं, तिच्या मनगटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जखमा साबणाने धुवून तिला आधी दवाखान्यात न्या, इंजेक्शनं द्या, एवढंच म्हणाले. तिची आई फडातून धावत आली, लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिला पोटाशी धरून तिथेच बसली. दवाखान्यातून आम्ही साडेचारला परतलो. पंचनाम्यात मी लिहिलं: "ऊसतोड मजुरांना फडालगत आढळले." खोटं काय त्यात? तरी सही करताना पेन अडखळलं. खरं लिहिलं असतं तर जबाब, मग वर्तमानपत्र, मग टोळीच्या मुकादमाने त्या आईबापाला धरलं असतं. त्यांनी मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेतलेली, हंगाम अर्धा बाकी.

क्रेटमध्ये पिल्लू मीच ठेवणार, असं पोरीने बजावलं. नियमात बसत नाही. उजेड होता, मी तिच्या हाताला धरून गेले. ठेवल्यावर ते ओरडायला लागलं. ती मागे वळून बघत नव्हती, पण चालही वाढवत नव्हती. "मपला वास लागलाय त्याला. टाकील का ती?" या प्रश्नाचं उत्तर मात्र मला ठाऊक होतं. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू टाकते, असं गावोगाव सांगतात. मी स्वतः हाताळलेली पिल्लं आयांनी नेलेली बघितली आहेत.

त्या रात्री टोळीतली सगळी पोरं आम्ही शाळेच्या खोलीत झोपवली.

सात बावन्नला ती आली. एक्केचाळीस सेकंदांची चित्रफीत आहे.

मी दाखवायचं कबूल केलं होतं. पण फड संपला होता, दुपारी परतले तर कोप्यांच्या जागी चुलीचे दगड. बारा दिवसांनी कारखान्याच्या तळावर सापडली, तीन-चारशे कोप्यांत. मुकादमाला "कोणती पोरगी" हेच कळेना. त्याच्या वहीत कोयते, म्हणजे तोडणारी जोडपी, असतात, पोरं नसतात. शेवटी शेळीवरून शोधली.

तिने फोन दोन्ही हातांनी धरला. मादी क्रेट उलटवते, पिल्लाला हुंगते आणि मग उचलत नाही, चाटत बसते. कान, मान, पोट, पुन्हा कान. एरवी इतक्या उघड्यावर, माणसांच्या एवढ्या जवळ ती इतका वेळ थांबत नाही. मी ती चित्रफीत वीसेक वेळा तरी बघितली होती आणि हे काय चाललंय ते मला कळलं नव्हतं.

"मपला वास पुसायलीय," ती म्हणाली.

तीन वेळा बघितलं. मग फोन झग्याला पुसून परत दिला आणि विचारलं, आता केवढं झालं असंल? मी हाताने दाखवलं. होतं त्यापेक्षा जरा मोठंच दाखवलं.