एकाच वाटेवरची दोन जनावरे

टेक्सासमधील सॅन अँटोनिओहून लारेडोच्या दिशेने निघाले, की साधारण दीड तासाने कोटुला हे लहान गाव लागते आणि त्याच्या आसपास दोन्ही बाजूंना काटेरी रानच रान असते. मेस्किट, म्हणजे आपल्याकडील वेड्या बाभळीची बहीण, आणि तिच्या बुंध्याशी दाटलेला फड्या निवडुंग. माझी पत्नी सोलापूरची. हे रान पाहून तिला माहेरची आठवण झाली. फड्या निवडुंग आणि वेडी बाभूळ ही दोन्ही मुळात अमेरिकेची आणि आपल्याकडे बाहेरून आलेली, हे तिला तेव्हाच कळले. रानडुकराचा प्रवास नेमका उलटा आहे, आणि इथली शिकार समजून घ्यायची तर तो आधी लक्षात घ्यावा लागतो.

टेक्सासमधील रानडुक्कर आणि सह्याद्रीतील रानडुक्कर शास्त्राच्या दृष्टीने एकाच प्रजातीचे. आपल्याकडे ते मूळचे; इथे मात्र स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरे रानात सुटली, पुढे १९३० च्या दशकात शिकारीसाठी युरोपातील रानडुकरे आणून सोडली गेली आणि दोहोंचा संकर झाला. आज एकट्या टेक्सासमध्ये त्यांची संख्या २० लाखांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. डुकरीण वर्षाची होण्याआधीच विण्याजोगी होते आणि एका वेताला चार ते सहा पिल्ले सहज देते. पेरणी झाली, की कळप रात्रीतून सरीच्या सरी उकरून पेरलेला मका खाऊन टाकतो. संगमेश्वरला आमचे काका भाताच्या आणि नाचणीच्या नासाडीबद्दल जे सांगतात, तेच इथला शेतकरी सांगतो. म्हणूनच डुकराच्या शिकारीला इथे ना हंगाम, ना संख्येची मर्यादा. १ सप्टेंबर २०१९ पासून तर मालकाची संमती असेल, तर खाजगी जमिनीवर परवान्याचीही गरज उरलेली नाही.

त्याच रानात, त्याच पायवाटांवर हावेलिना फिरते. लांबून पाहणारा तिला डुकराचे पिल्लूच म्हणेल, पण ती डुक्कर नव्हे. पेकरी नावाच्या वेगळ्या कुळातला हा प्राणी मूळचा अमेरिका खंडातलाच आहे. वजन १५ ते २५ किलो, गळ्याभोवती फिकट पांढरा पट्टा, शेपूट जवळजवळ दिसतच नाही, आणि पाठीवर, शेपटीच्या थोडे वर, उग्र वासाची ग्रंथी. डुकराचे सुळे बाहेर वळतात, हिचे सरळ असतात आणि वरचे-खालचे एकमेकांवर घासून धारदार राहतात. एके काळी हातमोज्यांना कातडे आणि ब्रशांना केस मिळावेत म्हणून हिची बेसुमार हत्या होत असे. १९३९ मध्ये टेक्सासने तिला कायद्याने शिकारीचा प्राणी ठरवले आणि त्यामुळे तिला संरक्षण मिळाले. आता परवाना लागतो, वर्षाला दोनच मारता येतात, आणि त्याही दिवसाउजेडीच. माझा जन्म २ सप्टेंबर १९७१ नंतरचा असल्याने मला शिकारीचा सक्तीचा अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागला, आणि तो सक्तीचा आहे हे मला मनापासून पटते.

गेल्या जानेवारीत या भागातील एका रँचवर मी दोन दिवस गाइडबरोबर होतो. पहाटे अंधारातच आम्ही लाकडी मचाणात जाऊन बसलो. समोर रान कापून काढलेली लांब, सरळ वाट होती. तिला इथे सेंदेरो म्हणतात. ठरलेल्या वेळी तिथल्या यंत्राने आमिष म्हणून मक्याचे दाणे फेकले आणि त्या खडखडाटाने मीच दचकलो. उजाडता उजाडता प्रथम वास आला, घामट आणि उग्र, आणि मग निवडुंगातून एकामागून एक सात काळी अंगे बाहेर पडली. मी बंदूक उचलली, तोच गाइडने तिच्या नळीवर अलगद हात ठेवला. नर-मादी लांबून ओळखता येत नाहीत, तेव्हा आधी पिल्ले शोधा, असे तो कुजबुजला. तिसऱ्या हावेलिनेच्या मागच्या पायांना लागूनच दोन तांबूस पिल्ले चालली होती. ती मक्याजवळ थांबली, दुसरीच्या अंगाला अंग घासले आणि दात कटकटवले. तो आवाज मचाणापर्यंत स्पष्ट आला. मी बंदूक खाली ठेवली आणि अर्धा तास नुसता पाहत राहिलो.

दोन वर्षांपूर्वीचा माझा अनुभव याच्या अगदी विरुद्ध होता. त्या वेळच्या गाइडने अंधारात गोळी झाडायला लावली, डुक्कर जखमी होऊन झुडपांत शिरले, आणि मी माग काढू या म्हटल्यावर त्याने 'डुक्करच तर आहे' म्हणून गाडी वळवली. ते जनावर त्या रात्री कुठे पडले असेल, हे माझ्या मनातून आजही जात नाही. उपद्रवी ठरवलेल्या प्राण्यालाही वेदना होतातच, आणि कायद्याने मोकळीक दिली म्हणून माग सोडण्याची मुभा मिळत नाही.

या खेपेस दुसऱ्या संध्याकाळी मी एक डुक्कर मारले, साधारण ऐंशी किलोचे. ते कोसळले नाही, पळाले. गाइडने अर्धा तास थांबायला लावले, मग विजेरीच्या उजेडात प्रत्येक रक्ताच्या थेंबापाशी नारिंगी फीत बांधत आम्ही निघालो. मागे वळून पाहिले, की फितींची रांग जनावर कोणत्या दिशेला वळले ते सांगत असे. सुमारे दोनशे पावलांवर, मेस्किटच्या बुंध्याशी ते निश्चल पडलेले सापडले.

सोलताना गाइडने मला रबरी हातमोजे घालायला लावले, कारण या डुकरांपासून माणसाला ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो. मांस शिजवताना आतपर्यंत किमान ७१ अंश सेल्सिअस तापमान झालेच पाहिजे, हेही त्याने दोनदा बजावले. घरी पत्नीने मांसाला आले-लसूण, सुके खोबरे आणि काळा मसाला लावून दोन तास मंद आचेवर ठेवले.

आमच्या आजोबांच्या काळात, १९७२ चा वन्यजीव कायदा येण्यापूर्वी, गावची पारध निघत असे. हाकारे रान उठवत आणि जनावर पडले, की घरटी वाटे होत. रविवारी व्हिडिओ कॉलवर काकांना सुळ्यांचा फोटो दाखवला. त्यांनी तो नीट न्याहाळला आणि विचारले, "वाटे घातलेस ना रे?" मी सांगितले, शेजारच्या चार घरी दिले.