रंग भरण्याआधीचा चित्रपट

फोंड्यात आज दिवसभर पाऊस. भाचीला घेऊन डिस्नेच्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या ॲनिमेशनपटाची २००२ची विशेष डीव्हीडी लावली. त्यात चित्रपटाची तीन रूपं आहेत: मूळ, ‘ह्यूमन अगेन’ हे गाणं घातलेलं आणि १९९१च्या न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात दाखवलेलं अपूर्ण रूप. आम्ही अपूर्णच पाहिलं. रंगीत प्रसंग चालू असतानाच अचानक नुसत्या पेन्सिलीच्या रेघा हलू लागतात, कुठे स्टोरीबोर्डची (प्रसंगांचा कच्चा आराखडा दाखवणारी) स्थिर चित्रं येतात. आवाज मात्र चालूच! भाची दिवसभर वहीत चित्रं काढणारी. एकदम म्हणाली, “मामा, हे सगळं हातानं काढलंय?” मग काय, मागे नेऊन तेच प्रसंग पुन्हा पाहिले. माझ्या मते मूळ चित्रपटाइतकंच हे रूप जपण्यासारखं आहे. कुणाकडे अशा जुन्या विशेष आवृत्त्या असतील तर कृपया रद्दीत टाकू नका, मला कळवा.