चौथ्या बॅचचा पक सांध्यावरून सरळ गेला

आपण इनलाइन हॉकी, म्हणजे चाकाच्या स्केटवरची हॉकी, काँक्रीटच्या रिंकवर खेळतो आणि तिचा पक, म्हणजे बॉलऐवजीची चपटी चकती, लेथवर करून घेतो. शनिवारी सकाळी अशा पकांच्या चौथ्या बॅचमधला एक काँक्रीटच्या मधल्या सांध्यावरून सरळ गेला. उभा राहिला नाही, चाकासारखा घरंगळत रिंकच्या कडेच्या बोर्डापर्यंत पळाला नाही. पावसाळा संपून रिंक उघडल्यापासून ज्याची वाट बघत होतो, ते हेच. म्हणून हंगामाचा बाकीचा हिशेब मागे ठेवून आधी पकाचं लिहितो.

पकाचा एवढा हट्ट कशाला, बॉलने खेळा की, असं मागच्या वेळी तिघांनी सुचवलं. दहा वर्षांखालच्या गटात बॉलच आहे आणि राहील. पण ज्यांना पुढेमागे लेह किंवा शिमल्याच्या बर्फावर उतरायचं आहे, त्यांचा हात बॉलने बिघडतो. बॉल कसाही मारला तरी पुढे जातो. पकाचा पास मात्र स्टिकच्या ब्लेडच्या टाचेकडून टोकाकडे फिरवत सोडावा लागतो, तेव्हा त्याला फिरकी मिळते आणि तो जमिनीला चिकटून जातो. ही सवय बेळगावच्या काँक्रीटवर लागली तरच बर्फावर उपयोगी पडेल.

तिसरी बॅच आठवत असेल. ८० मिमीचा काळा एचडीपीई (टणक पॉलिथिन प्लास्टिक) रॉड, लेथवर ७६ मिमीला आणलेला, जाडी २५. दोन्ही बाजूंना ५६ मिमीच्या वर्तुळावर ६ भोकं आणि त्यांत ८ मिमी नायलॉनच्या २८ मिमी लांब आरपार पिना. म्हणजे दोन्हीकडे दीड मिमी डोकं बाहेर. वजन १०९ ग्रॅमच्या आसपास. बर्फावरचा रबरी पक १५६ ते १७० ग्रॅमचा असतो, त्या मानाने हलका, पण इनलाइनला चालतो.

पहिले दोन दिवस छान गेले. मग दोन गोष्टी बिघडल्या.

एक, पिना ढिल्या झाल्या. भोक ७.९ ठेवून पिन ठोकून बसवली होती. पण एचडीपीई सतत ताणाखाली राहिलं की हळूहळू सैल पडतं, पकड सोडतं. चिकटवायचं म्हटलं तर एचडीपीईला फेविक्विकही धरत नाही आणि इपॉक्सीही धरत नाही, पापुद्र्यासारखी निघून येते. दुसऱ्या आठवड्यात गोलसमोर तीन पिना वेचाव्या लागल्या. व्हीलखाली आलेली पिन म्हणजे मनगट मोडायचं आमंत्रण, त्यामुळे ती बॅच त्याच दिवशी बाद केली.

दोन, आणि खरं दुखणं हेच: सांधे. आपली रिंक ४० बाय २० मीटरची, काँक्रीटचे ४ मीटरचे चौकोन, मध्ये ८ मिमीच्या फटी. पिनांची गोल डोकी काँक्रीटवर घासून सपाट झाली की त्यांना धारदार कड येते, आणि शेजारचा चौकोन जरासा वर असला तरी ती कड अडते. डोकी नवीकोरी असली तरी अडचण राहतेच. सहा पिनांतल्या पुढच्या दोन पिना एकाच वेळी फटीवर आल्या की पकाचा आधार मधल्या दोन पिनांवर येतो, म्हणजे बरोबर पकाच्या मध्यावर. तळाच्या घर्षणामुळे पकाचा भार आधीच पुढे झुकलेला असतो. झालं, नाक फटीत, शेपूट वर, आणि पक उभा.

हे डोळ्यांनी नीट बघायचं असेल तर एक मीटरची फळी एका टोकाला दोन विटा ठेवून तिरकी करा, खालचं टोक सांध्यापासून एक हात मागे ठेवा आणि वरून पक सोडा. दर वेळी वेग सारखाच मिळतो. मोबाइल जमिनीला टेकवून स्लो मोशन लावा. तिसऱ्या बॅचचा पक २० पैकी ११ वेळा उभा राहिला. कुणाच्या स्टिकचा, कुणाच्या पासचा दोष नाही, हे त्या वीस व्हिडिओंनी मिटवलं.

चौथ्या बॅचमध्ये पिनाच काढून टाकल्या. त्याऐवजी लेथवरच पकाच्या दोन्ही तोंडांवर उंचवट्याचं कडं ठेवलं: मधला व्यास ६०, रुंदी ४, उंची दीड मिमी. मधला गाभा २२ मिमी, म्हणजे कड्यांसह एकूण जाडी २५. कड्याची बाहेरची बाजू उभी न ठेवता तिरकी उतरवली, वर आलेल्या चौकोनाच्या धारेवर चढून जावी म्हणून. पकाच्या बाहेरच्या दोन्ही कडा २ मिमी गोल. ड्रिलिंग नाही, ठोकाठोक नाही, सैल व्हायला काही उरलंच नाही.

फरक कुठे पडला तो बघा. कड्याचं पुढचं टोक ८ मिमीच्या फटीवर लटकलं तरी फटीच्या अलीकडचं कडं जमिनीवरच असतं, आणि तो आधार पकाच्या मध्यापासून २४ मिमी पुढपर्यंत पोचतो. पिनांच्या वेळी हाच आकडा शून्य होता. फळीवरून २० वेळा सोडला, दोनदाच उभा राहिला. ते दोन्ही वेळा गोलजवळच्या त्या चौकोनावर, जिथे एक बाजू नखाला लागेल इतकी वर आहे.

उद्यमबागमध्ये, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, करून घेणाऱ्यांसाठी: मोठ्या वर्कशॉपला १२ नग म्हणजे वेळेचा खेळखंडोबा, ते नाहीच म्हणतात आणि त्यात त्यांची चूक नाही. एक-दोन लेथवाल्या छोट्या शेडमध्ये जा. सोबत कागदावर हाताने काढलेलं चित्र न्या, मापं मिमीमध्ये, आणि एक जुना पक नमुन्याला द्या. टर्नरला तीन गोष्टी आधीच सांगा. टूल धारदार हवं, नाहीतर एचडीपीई कापलं न जाता वितळून ओढलं जातं आणि कड्यावर तुसं राहतात. चक (रॉड पकडणारा लेथचा भाग) जास्त आवळू नका, रॉड दबतो आणि सोडल्यावर पक गोल राहत नाही. आणि पार्टिंग (रॉडमधून पक कापून वेगळा करणं) केल्यावर दुसऱ्या तोंडाचं फेसिंग (तोंड सपाट करणं) करताना चकाला मऊ जॉ (पकडीचे जबडे) लावा. रॉड वजनावर मिळतो. एका नगाला २५ अधिक पार्टिंग आणि फेसिंगचे ५ असे ३० मिमी धरा, १२ नगांना ३६० मिमी, शिवाय चकात धरायला ६० मिमी.

तोटाही सांगायला हवा. वजन ९७ ग्रॅमवर आलं. पासला काही वाटत नाही, पण स्टिक मागे उचलून मारलेला जोराचा स्लॅप शॉट हवेत फडफडतो आणि गोलीला (गोलरक्षकाला) अंदाज येत नाही. म्हणून चौदाखालच्या गटात या हंगामात स्लॅप शॉट बंद, मनगटाने ढकलायचा रिस्ट शॉट फक्त. तोच पक नायलॉनमध्ये केला तर ११६ ग्रॅम होईल, पण नायलॉन पाणी पितं आणि बोर्डावरून जास्त उसळतं. यूएचएमडब्ल्यू (जास्त चिवट जातीचं) पॉलिथिन काँक्रीटवर फार कमी झिजतं, वजन मात्र ९५ ग्रॅमच राहतं. पाचव्या बॅचमध्ये दोन्हीचे दोन-दोन नग करून बघायचं ठरलं होतं. बाजारातला दोन तुकड्यांचा ग्रीन बिस्किट नावाचा पक पासिंगच्या सरावाला उत्तम आहे, दोन भाग जरा सैल असल्याने धक्का आतच जिरतो. पण तो शॉट मारायला नाही, आणि लीगला तर नाहीच.

ठरलं होतं असं लिहिलं, कारण हे लिहितानाच विचार बदलतोय. पकाला एवढं घडवतोय, मग सांधाच का भरू नये?

इपॉक्सी किंवा सिमेंट भरायचं नाही. काँक्रीट दुपारी फुगतं, पहाटे आकसतं, कडक भराव एका थंडीत तडकून त्याचे खडे रिंकवर येतील. पीयू सीलंट, म्हणजे पॉलियुरेथेनचा रबरासारखा लवचिक भराव हवा. फटीत आधी १० मिमीचा फोमचा दोर दाबून बसवायचा, म्हणजे सीलंट तळाला चिकटत नाही आणि दोन्ही बाजूंना मोकळेपणी ताणलं जातं. वर ६ मिमी जाडीचा थर. ८ गुणिले ६ मिमीच्या फटीत ६०० मिलीचं एक सॉसेज (सीलंटची लांबट पिशवी) साडेबारा मीटर जातं. पूर्ण रिंकचे सांधे मोजले: लांबीचे ४ म्हणजे १६० मीटर, रुंदीचे ९ म्हणजे १८० मीटर, एकूण ३४०. सांडलवंड धरून ३० सॉसेज. एवढा खर्च एकदम पेलणार नाही, पण मधली आडवी रेघ एकटी २० मीटर आहे, दोन सॉसेजमध्ये होते. फेस-ऑफनंतरचे, म्हणजे पक मध्ये टाकून खेळ सुरू केल्यानंतरचे, बहुतेक पास तिथूनच जातात.

वेळ महत्त्वाची. पहाटे फट रुंद असते. तेव्हा काठोकाठ भरलं तर दुपारी फट आवळून सीलंट वर फुगेल आणि आज खड्डा आहे तिथे उद्या उंचवटा होईल. भर दुपारी, फट अरुंद असताना भरायचं आणि तरीही १ मिमी खाली ठेवायचं. आधी वायर ब्रश, मग ब्लोअर, मग प्रायमर. आपली तांबडी माती फटीच्या कडांना पीठासारखी चिकटलेली असते, ती निघाली नाही तर सीलंट मातीला चिकटेल, काँक्रीटला नाही. भरल्यावर निदान तीन दिवस त्या रेघेवर व्हील नको. रिंकवाल्यांची लेखी परवानगी हवी, अर्ज कन्नडमध्ये तयार आहे, सोबत मराठी प्रतही जोडली आहे.

ही रेघ जमली तर नायलॉनचा प्रयोग पुढे ढकलू. तो पैसा सीलंटला.

आता बाकीचं पटापट.

माती आणि बेअरिंग. मार्चच्या वाऱ्यात काय होतं ते गेल्या हंगामात बघितलं. यंदा सगळ्यांना ६०८ टू-आरएस, म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेली बेअरिंग घ्यायला सांगितलं आहे. धातूच्या झाकणाची जरा मोकळी फिरतात, पण आपल्या धुळीत टिकत नाहीत. एबीईसीचा (अचूकपणाच्या दर्जाचा) आकडा बघून जास्त पैसे घालू नका, मोटारीच्या बेअरिंगच्या दुकानात मिळतात ती पुरतात. स्केटच्या एका जोडीला १६ लागतात. धुतली की पूर्ण वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. रॉकेलमध्ये बुडवून तशीच बसवलेली दोन आठवड्यांत कुरकुरायला लागतात.

दव. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाचा स्लॉट फुकट जातो. वायपरने पाणी जातं, ओल राहते, आणि ओल्या काँक्रीटवर ८४ए चं कडक व्हील सरकतं. मागे दोन मऊ ७८ए आणि पुढे दोन ८४ए असं मिश्रण लावलेल्यांना वळणावर फरक जाणवला. मऊ व्हील लवकर झिजतात, म्हणून दर रविवारी अदलाबदल करा. सरळ उपाय म्हणजे त्या दोन महिन्यांत स्लॉट साडेसातला सरकवणे, आणि तो सरकवला आहे. धूळ काढायला झाडू नको, ओलं गोणपाट दोघांनी दोन टोकांना धरून ओढायचं. झाडूने माती उडते आणि पुन्हा तिथेच बसते.

लीगच्या तारखा. चार संघ, प्रत्येकी ७ जण, इनलाइनच्या नियमाने गोली धरून ५ रिंकवर. सगळ्यात मोठी कसरत दोन राज्यांच्या शाळांची. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मुलांना दसऱ्याची मोठी सुट्टी, चंदगड-गडहिंग्लजच्या मुलांना दिवाळीची. उन्हाळ्यात आपल्याकडची मुलं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मोकळी होतात, पलीकडची मे उजाडल्यावर. म्हणून एप्रिलमध्ये फक्त गटसराव, सामने मे महिन्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत. त्यातही आपल्याकडची परंपरेची शिवजयंती आणि चित्ररथ मिरवणूक वैशाखात येते, त्या दोन दिवसांत टायमरवर बसायला माणूस मिळणार नाही, ते दिवस आधीच कोरे सोडले आहेत. संध्याकाळचा एकही सामना ठेवलेला नाही, वळीव सांगून येत नाही.

हिशेब. आपली संस्था १९६० च्या कर्नाटक सोसायटी कायद्याखाली आहे. ७ सभासदांवर नोंदणी झाली, पण वर्षाचा हिशेब तपासून द्यावाच लागतो. हंगाम ऑक्टोबर ते मे, आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे मार्चमध्ये घेतलेली मेची लीग फी त्याच वर्षाची कमाई दाखवली की त्या वर्षाचं उत्पन्न फुगतं. यंदा ती फी वेगळ्या पावतीपुस्तकावर, आगाऊ म्हणून.

गोलीचा संच एकच आहे आणि दोन गोली तो वापरतात. सामन्यानंतर पॅड बॅगेत बंद करू नका. सावलीत, आतली बाजू बाहेर करून टांगा. उन्हात टाकलं तर आतला फोम कडक होतो, मग मार अंगाला लागतो.

शनिवारच्या सरावाचं एक राहिलं. निपाणीच्या मुलाने 'पास दे' म्हटलं, तिकडून वडगावची मुलगी 'पास कोडु' ओरडली, आणि पक दोघांच्या मधून सांधा ओलांडून सपाट, आवाज न करता, तिसऱ्याच्या ब्लेडवर जाऊन थांबला. रिंकवरचे सगळे क्षणभर तो पकच बघत राहिले.

परवानगी आली तर येत्या रविवारी दुपारी बारा वाजता मधली रेघ. सॉसेज गन एक आहे, दुसरी कुणाकडे असेल तर आणा. वायर ब्रश चार, मास्किंग टेप ४० मीटर, फोमचा दोर २२ मीटर, प्रायमरला जुने ब्रश. आणि ती रेघ भरण्याआधी त्याच जागी फळीवरून २० वेळा पक सोडून मोजणी करायची आहे, म्हणून त्यासाठी दोघांनी साडेअकरालाच या.