तुम्ही विचारलंत म्हणून: जाळीचा ब्रेक पाईप रस्त्यावर चालतो का?

"काका, जाळीवाला पाईप टाकून द्या ना समोर. पोलिस पकडते का याले?" एप्रिल लागला, पोरांचे लडाखचे बेत सुरू झाले, की नागपुरात हिंगणा रोडवरच्या माझ्या गॅरेजात हा प्रश्न हमखास येतो. जाळीवाला म्हणजे ब्रेक ऑइल नेणारा, वरून स्टीलच्या तारेची जाळी विणलेला पाईप. गाडी लावून घाईघाईत विचारतात, त्यामुळे नीट उत्तर देणं जमत नाही. म्हणून ते इथे लिहितो.

स्टीलच्या जाळीला बंदी नाही. केटीएम ३९० ड्यूक, रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर ६५० या गाड्या कंपनीतूनच जाळीचे ब्रेक पाईप घेऊन येतात आणि आरटीओत पास होऊन रस्त्यावर धावतात. प्रश्न फक्त बाहेरून आणून लावलेल्या पाईपचा आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा, तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे वाचलं. पण त्याच कलमात 'बदल' म्हणजे काय तेही दिलेलं आहे: वाहनाच्या रचनेतला असा फरक, ज्याने त्याचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं. आरसीवर इंजिन नंबर, चेसिस नंबर, रंग, इंधन, वजन, व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) असतो. ब्रेक पाईपचा उल्लेख नसतो. त्यामुळे नुसत्या पाईपवरून कलम ५२ लागावं असं मला वाटत नाही.

खरी गाठ दुसरीकडे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२४ सुरक्षेच्या सुट्या भागांना मानक लावतो. हायड्रॉलिक ब्रेक होज, म्हणजे हाच ब्रेक ऑइलचा पाईप, त्यात येतो. त्याचं भारतीय मानक आयएस ७०७९. त्यात न बसणारा पाईप जाळीचा असो वा रबराचा, तो रस्त्यावरच्या गाडीचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए प्रमाणे मान्यता नसलेला सुरक्षेचा भाग विकणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा नगामागे एक लाख दंड होऊ शकतो, आणि नियमाबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे पाच हजार. चौकातला हवालदार वाकून पाईप बघणार नाही, हे खरं. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडी बघतो तेव्हा वाकूनच बघतो.

"पण काका, यावर डॉट लिहिलेलं आहे!" हेही नेहमीचंच. पाईपवरचं डॉट म्हणजे अमेरिकेचं परिवहन खातं. तिथे ते खातं पाईप तपासून शिक्का देत नाही. आमचा पाईप मानकात बसतो असं बनवणारा स्वतः जाहीर करतो आणि तशी खूण छापतो. तिकडचं मानक कडक आहे, त्यात पाईप ३५ तास सतत गरागरा फिरवून बघतात, त्यामुळे खूण खरी असेल तर माल चांगला असतो. पण ती आपल्या नियमाची मान्यता नव्हे. आणि ब्रेक ऑइलच्या डब्यावरचं डॉट ३, डॉट ४ ही ऑइलची प्रत आहे, तिचा पाईपशी संबंध नाही.

मी यावर इतका अडून बसतो, त्याला कारण आहे. आठेक वर्षांपूर्वी एका पोराने ऑनलाइन मागवलेला जाळीचा पाईप मी त्याच्या दीडशे सीसीच्या गाडीला लावून दिला. पाईपवर एक अक्षर नव्हतं, जाळीवर प्लास्टिकचं आवरणही नव्हतं. पावसाळा गेल्यावर तो गाडी ढकलत आणल्यासारखी हळूहळू घेऊन आला. बुटीबोरीहून येताना जामठ्याच्या पुढे समोरचं लिव्हर थेट मुठीला टेकलं होतं. मागच्या ब्रेकने वाचला.

मी पाईप खोलून हातात घेतला. फोर्कजवळच्या वळणावर जाळीचे बारीक तार तुटून सुईसारखे वर आले होते, फडकं फिरवलं की अडकत होतं. आत सिमेंट रोडची ती पिठासारखी धूळ बसलेली. आवरण नसलं की धूळ जाळीत शिरते, आणि पाईप हलेल तसा आतला टेफ्लॉनचा नळा घासत राहते, पॉलिश पेपरने घासावा तसा. खालचा सांधाही ओला होता. पाईप त्याने आणला होता, पण लावला मी होता. त्या दिवसापासून खूण नसलेला पाईप मी लावत नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी चालेल.

ज्यांना लावायचाच आहे त्यांनी आपल्याच मॉडेलसाठी बनवलेला, आवरणाचा, बनवणाऱ्याचं नाव आणि आयएस ७०७९ ची मान्यता दाखवता येईल असा पाईप आणावा. पाईपचं टोक ज्या पोकळ बोल्टने बसवतात त्या बँजो बोल्टचे, टोकाच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवेच हवेत. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाईप कुठे ताणत नाही, घासत नाही, हे माझ्यासमोर बघा. एबीएसची (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी) गाडी असेल तर ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली एअर काढायला काही मॉडेलना कॉम्प्युटर स्कॅनर लागतो, तो नसलेल्या मेकॅनिककडे पाईप उघडूच नका. बिल जपून ठेवा आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

आणि लिव्हर स्पंजसारखं लागतं म्हणून पाईप बदलायला निघाला असाल, तर आधी मला ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडू द्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे, पाणी मुरल्यावर तीच हद्द १५५ वर येते. मेच्या उन्हात दिवसभर तापलेली गाडी घाट उतरताना ब्रेकवरच असते, तेव्हा हा फरक हाताला कळतो. मागच्याच आठवड्यात एक मुलगी जाळीचा पाईप घ्यायला आली होती. तिच्या गाडीतलं ऑइल चहासारखं काळपट झालं होतं. नवं ऑइल टाकलं, एअर काढली, लिव्हर दगडासारखं घट्ट. पाईप मूळचा रबराचाच ठेवला. गेली ती लेहला.