पापाची भीती काय आणि फायद्याचा विचार काय, दोन्हीकडे "मी"च

माझा एक जवळचा मित्र देव मानत नाही आणि त्याला अधूनमधून कुणीतरी विचारतंच, की देवाचीच भीती नाही तर मग तू लबाडी का करत नाहीस. तो म्हणतो मला ते परवडत नाही, एकदा लोकांचा विश्वास उडाला की शेवटी तोटा माझाच. मी स्वतः देव मानते, रोज हात जोडते, पण ही दोन्ही बोलणी ऐकताना मला सारखंच अस्वस्थ व्हायला होतं. एक म्हणतोय मला शिक्षा होईल, दुसरा म्हणतोय माझं नुकसान होईल. अरे पण ज्याला फसवणार तो माणूस यात आहे कुठे?

स्वार्थाची बाजू वाटते तेवढी टाकाऊ नाही हेही मान्य करायला हवं. रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉड या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास कॉम्प्युटर प्रोग्रॅम्सची स्पर्धा घेतली होती, दोघादोघांची गाठ घालायची आणि प्रत्येकाने दर डावाला ठरवायचं, साथ द्यायची की दगा. जिंकला तो अगदी साधा प्रोग्रॅम: पहिल्या डावाला साथ द्यायची, पुढे समोरच्याने मागच्या वेळी जे केलं तेच आपण करायचं. म्हणजे नुसता फायदा बघणाऱ्यालाही चांगलं वागणं परवडतं. पण त्यासाठी पुन्हा पुन्हा गाठ पडणार असली पाहिजे आणि समोरच्याच्या हातात परतफेड करायची ताकद पाहिजे. तान्हं बाळ, मुकं जनावर, शंभर वर्षांनी जन्माला येणारी माणसं, यांच्याकडे कसली आलीय ताकद, तिथे हे गणित गप्पच बसतं.

माझी आत्या शेवटी शेवटी अंथरुणाला खिळून होती, बोलणं बंद, ओळख नाही. रात्री तिच्याजवळ एक ताई असायच्या. अशा पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाला, टाचांना जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. मध्यरात्री उठून एकटीने ते वजन वळवायचं, पाठीला उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी, टाच गादीला टेकत नाही ना ते बघायचं, चादरीची सुरकुती ओढून काढायची आणि दोन तासांनी परत तेच. एखादी वेळ चुकवली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता, आत्या तर सांगू शकतच नव्हती. मी एकदा विचारलं, ताई, रात्रीचं कोण बघतंय, कंटाळा नाही येत? मला वाटलं म्हणतील देव बघतो. त्या म्हणाल्या, "अहो, अवघडतं ना त्यांना एका कुशीवर."

बस्स एवढंच. ना पुण्य, ना पगार, त्या उत्तरात फक्त आत्या होती.

पाप-पुण्याची वही ठेवून चांगलं वागणं मला विम्याचा हप्ता भरण्यासारखं वाटतं, भरा जरूर, पण त्याला भक्ती म्हणू नका. आठव्या शतकातल्या बसऱ्याच्या राबिया या सूफी संत बाईंची गोष्ट सांगतात, की त्या एका हातात पेटती मशाल आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन निघाल्या होत्या, स्वर्ग जाळायला आणि नरक विझवायला, म्हणजे लोक लालूच आणि भीती सोडून देवावर प्रेम करतील. माझ्यासारख्या देव मानणारीला ही गोष्ट चांगलीच टोचते. आणि जैन, बौद्ध परंपरांनी जग निर्माण करणारा देव न मानताच अहिंसा केवढी कडक पाळायला सांगितली, तेव्हा देवाशिवाय नीती नाही हे तर मला कधीच पटलं नाही.

मग श्रद्धा कशाला? अमेरिकेत डार्ली आणि बॅटसन यांनी १९७३ मध्ये छापलेला एक प्रयोग आहे. धर्मशिक्षण घेणारे विद्यार्थी, शेजारच्या इमारतीत छोटं भाषण द्यायला निघालेले, त्यातल्या काहींचा विषय तर वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाची बायबलमधली गोष्ट हाच. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत पडलेला. ज्यांना घाई नव्हती त्यातले ६३ टक्के थांबले, ज्यांना खूप उशीर झालाय असं सांगितलं होतं त्यातले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कुठला होता याने म्हणावा असा फरक पडलाच नाही, पडला तो घाईने.

मी हे वाचल्यापासून प्रार्थनेकडे वेगळ्या नजरेने बघते. काय बरोबर काय चूक हे मला देव येऊन सांगत नाही, पण तेवढा वेळ माझी घाई थांबते. कुणी म्हणेल त्यासाठी देव कशाला, पाच मिनिटं शांत बसलं तरी झालं. होत असेल कुणाचं. मी नुसती बसले की मला माझीच कामं आठवतात, देवापुढे बसले की ज्याला आज मी तोडून बोलले तो माणूस आठवतो आणि मग उठून आधी त्याला फोन लावावा लागतो.